सीएसआरचे पैसे आणि एप्रिलमधलं पाणी

काल सकाळी पाच लिटरचा पाण्याचा कॅन घेऊन पुण्यातल्या बाणेर-पाषाण टेकडीवर चढले. सव्वासहाच वाजले होते तरी घामाघूम झाले, आणि वर जाऊन बघते तर आमच्या आपट्याला तीन नवीन पानं! आपट्याचं कोवळं पान कधी जवळून बघा, दोन्ही भाग एकमेकांवर मिटलेले असतात, हात जोडल्यासारखे. दसऱ्याला सोनं म्हणून आपण वाटतो ते हेच पान, पण ते झाडावर उघडताना मी तरी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. पाचेक मिनिटं तिथेच बसून राहिले.

हे झाड आमच्या कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे कंपनीने सामाजिक कामावर करायच्या खर्चातून लागलंय, दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये. आणि ते जगलंय हे मला का एवढं मोठं वाटतं ते सांगायचं तर आधीच्या कंपनीतली गोष्ट सांगावी लागेल. तिथे आम्ही एका शनिवारी पाचशे रोपं लावली होती, तीन बस भरून लोक, टी-शर्ट, टोप्या, सगळं. मी मनापासून खड्डे भरले होते, हाताला फोड आले होते. नंतरच्या मार्चमध्ये मी सहज त्या बाजूला फिरायला गेले तर नुसत्या काड्या उभ्या. अर्धा भाग वणव्यात काळा पडलेला, उरलेली पाण्यावाचून गेलेली. कुणी वाईट वागलं होतं असं नाही, पण जूनच्या पुढचा विचारच कुणी केला नव्हता, मीसुद्धा नाही. त्या दिवशी घरी येऊन मी खरंच रडले.

म्हणून इथे आल्यावर व्हॉलंटियर टीममध्ये नाव दिलं तेव्हा ठरवलं होतं की आधी टेकडीवर रोज काम करणाऱ्या लोकांना विचारायचं. एक छोटी संस्था आहे, चारपाच माणसांची, त्यातल्या ताई गेली कित्येक वर्षं टेकडीवर राबतायत. आमच्या यादीत गुलमोहर होता, त्यांनी तो पहिल्यांदा खोडला. म्हणाल्या, ते मूळचं मादागास्करचं झाड, इथल्या मुरमावर आपटा, पळस, मेडशिंगी, धावडा लावू. आणि पाचशे नाही, दीडशेच लावू, कारण दीडशेला पाणी घालता येईल. खड्डे मे महिन्यातच पहारीने खणून घेतले, कारण खाली लगेच कातळ लागतो. प्रत्येक रोपाला आळं, वर वाळक्या गवताचं आच्छादन, आणि शेजारी एक मडकं पुरायचं, बुडाला बारीक भोक आणि त्यात सुती वात. मडकं भरलं की पाणी मुळाशी हळूहळू झिरपत राहतं, वरून ओतलेलं तर उन्हात उडूनच जातं. दिवाळीनंतर जाळरेषा काढायची, म्हणजे रोपांभोवतीचं गवत पट्टा करून कापून टाकायचं, वणवा आला तर तिथे थांबावा म्हणून. हे सगळं फोटोत दिसत नाही पण रोप यानेच जगतं. दीडशेतली एकशे सव्वीस आज उभी आहेत, मी स्वतः मोजलीयेत.

आता पैशाचं. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ बऱ्याच जणांना ऐकून माहिती असतं, की मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. (मोठ्या म्हणजे नेटवर्थ, देणी वजा जाता उरणारी मालमत्ता, ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काहीही एक असलं तरी.) पर्यावरण आणि शिक्षण दोन्ही त्याच्या यादीत आहेत, आणि आपण जिथे काम करतो त्या भागाला प्राधान्य द्या असंही कायद्यातच लिहिलंय. पण होतं काय की फेब्रुवारी-मार्च आला की घाई सुरू होते, वर्ष संपायच्या आत पैसे खर्च करायचे म्हणून संस्थांना फोन जातात. मार्चमध्ये कुठलं झाड लावणार हो? आणि याची खरं तर गरजच नाहीये! २०२१ पासून नियमात स्पष्ट आहे, एखादं काम चालू प्रकल्प म्हणून मंजूर करून घेतलं तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत ते चालवता येतं, उरलेले पैसे वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि त्याच कामाला वापरायचे. तीन उन्हाळे निघाले की आपटा स्वतःच्या पायावर उभा राहतो असं ताई सांगतात. म्हणजे झाडाला जेवढा वेळ लागतो तेवढा कायदा देतोय, आपणच मागत नाही. मी हे आमच्या फायनान्सच्या सरांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, अगं मग आधी का नाही सांगितलंस, आणि दोन आठवड्यांत कागद तयार झाले.

दुसरं काम मुलांचं, आणि ते माझ्या जास्त जवळचं आहे. सूस-म्हाळुंगे बाजूला एवढ्या इमारती चढतायत, त्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांचे लेबर कॅम्प असतात, नांदेड, परभणी, पार छत्तीसगडपासून आलेली कुटुंबं. पुण्यात बांधकामांवरच्या मुलांसाठी काम काही नवीन नाही, डोअर स्टेप स्कूल ही संस्था कित्येक वर्षांपासून हे करतेय. आम्ही एका कॅम्पवरचा एकच वर्ग घेतला. पहिल्या मीटिंगमध्ये आमच्याकडून दप्तरं, रंगपेट्या, वाढदिवसाचे केक असं सगळं निघालं, तिथे शिकवणाऱ्या बाई शांतपणे ऐकून घेत होत्या, मग म्हणाल्या, "मॅडम, दप्तरं मागच्या वर्षी पण आली होती. मला लहान पोरांना सांभाळायला एक मावशी द्या."

मला कळलंच नाही आधी. मग त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. नऊ-दहा वर्षांची मुलगी, कडेवर धाकटा भाऊ, उंबऱ्याबाहेर उभी राहून फळा वाचत होती, ओठ हलत होते पण आत येत नव्हती, कारण भाऊ रडला की वर्ग मोडतो आणि आई चौथ्या मजल्यावर विटा वाहतेय. असं रोज. आम्ही मावशींचा आणि बाईंचा पगार तीन वर्षांसाठी घातला. पगार म्हटलं की लोक बिचकतात, प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादा आठवते, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे, वर्ग चालवणाऱ्या शिक्षिकेचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च. मावशी आल्या त्या आठवड्यात उंबऱ्यावरच्या चार मुली आत येऊन बसल्या.

ती मुलगी आता महापालिकेच्या शाळेत जाते. जन्मदाखला नव्हता, पण वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे ते, बाईंना तोंडपाठ होतं. इमारत दिवाळीपर्यंत पूर्ण होईल आणि मग तिचे आईवडील बहुतेक वाघोलीकडच्या साइटवर जातील. बाईंनी आत्तापासूनच त्या भागातली शाळा शोधायला घेतलीये, आईचा फोन नंबर, मुकादमाचा नंबर, सगळं वहीत लिहून ठेवलंय. या शोधायच्या कामाचा, रिक्षाचा, फोनचा खर्च पण आम्ही पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये टाकतोय.

तुमच्या ऑफिसमध्ये असं काही ठरत असेल तर एक करा, मीटिंगला संस्थेच्या माणसाला बोलवा आणि आधी त्यांना बोलू द्या. आम्ही शनिवारी सकाळी सहाला टेकडीच्या पायथ्याशी असतो, पाऊस पडेपर्यंत दर शनिवारी. येताना कॅन आणा, दोन आणले तर उत्तमच, मडकी अजून शंभरच्या वर भरायची असतात.