डानुमच्या जंगलात, वेताच्या मागावर

बोर्नियोला जाणारे बहुतेक जण ओरांगउटान बघायला जातात. आम्हाला झाडं बघायची होती आणि त्यातही वेत, म्हणून मलेशियाच्या सबाह राज्यातली डानुम व्हॅली निवडली. ४३८ चौरस किलोमीटरचं राखीव जंगल. आत ना गाव, ना शेत.

आधी पोचायचं कसं ते. कोटा किनाबालूहून विमानाने लहाद दातू, तिथून साधारण ८० किलोमीटर, बराचसा खडीचा रस्ता, दोन-अडीच तास. क्वालालंपूरहून येणारं विमान देशांतर्गत असलं तरी सबाहमध्ये पुन्हा पासपोर्ट तपासतात. पुढचं विमान पकडायचं असेल तर हा वेळ धरून चाला. राहायला महागडं लॉज आहे आणि साधं संशोधन केंद्र आहे. आम्ही केंद्रात राहिलो. तिथलं आरक्षण हातात आल्याशिवाय विमानाची तिकिटं काढू नका. पूर्व सबाहच्या सुरक्षेबद्दलच्या ताज्या सूचनाही निघण्यापूर्वी वाचून घ्या.

जंगलात शिरल्यावर मान आपोआप वर जाते. पिवळ्या मेरांतीचा १००.८ मीटर उंच वृक्ष याच खोऱ्यात आहे. २०१९ मध्ये त्यावर चढून फीत सोडून त्याची उंची मोजली. तो आमच्या वाटेवर नव्हता, पण त्याचे भाऊबंद पावलोपावली भेटतात. हे सगळे आपल्या सालवृक्षाच्या कुळातले. खोडावरच्या जखमेतून पाझरून घट्ट झालेली राळ दिसते. तिला इथे दमार म्हणतात. होड्यांच्या फटी बुजवायला ती पूर्वापार वापरतात. याच कुळातल्या एंगकाबांगच्या बियांची चरबी चॉकलेटमध्ये कोकोच्या लोण्याऐवजी चालते. गुळगुळीत, फिकट खोडाचा मेंगारिस मात्र वेगळ्या कुळातला. त्याच्या उंच फांद्यांवर आग्या मधमाश्यांची पोळी लटकतात, म्हणून आजूबाजूचं जंगल तोडलं तरी हा एकटा उभा ठेवतात. बेलियानचं लाकूड पाण्यात टाकलं तर दगडासारखं तळ गाठतं. घराचे खांब आणि छपराच्या फळ्या त्याच्याच, पिढ्यान्‌पिढ्या टिकतात.

पण माझ्या मते या जंगलाची खरी गंमत खाली, गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीत आहे. वेत हा ताडाच्या कुळातला वेल. स्वतः उभं राहायची ताकद नाही, म्हणून दुसऱ्यांना पकडून उन्हाकडे जातो. बऱ्याच जातींत पानाचा शेंडा चाबकासारखा लांब होतो आणि त्यावर उलट्या वळलेल्या आकड्यांचे झुबके असतात. माझी बाही त्यात अडकली तेव्हा वाटाड्याने हात धरून थांबवलं. पुढे ओढलं की आकडे आणखी रुततात. एक पाऊल मागे यायचं आणि एकेक आकडा सोडवायचा. एवढं एक लक्षात ठेवलंत तर कपडे आणि कातडी दोन्ही वाचतील.

खुर्चीत दिसणारा गुळगुळीत वेत इथे ओळखूच येत नाही, कारण तो काटेरी आवरणात लपलेला असतो. तोडणारे लोक बुंधा कापून अख्खा वेल खाली ओढतात आणि ते आवरण सोलून काढतात. आत बांबूसारखी पोकळी नसते, भरीव काठी असते. मानाऊ जातीचा जाड वेत फर्निचरच्या सांगाड्याला, सेगा जातीचा बारीक वेत चटया, टोपल्या आणि बांधणीला. फरक असा, की मानाऊ एकखोडी, कापला की संपला. सेगाच्या बेटातून नवे कोंब येतात. मोठा मानाऊ दुर्मीळ का झाला, हे यातच आलं.

एका वेतावर वाटाड्याने टिचकी मारली आणि आतून सरसर आवाज आला. पानाच्या देठाशी फुगीर पोकळी असते, तिथे मुंग्या राहतात आणि धक्का लागला की आतून अंग आपटतात. कान जवळ न्यायचा मोह आवरा.

सामानाबद्दल थोडक्यात: जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे, फुल बाह्या, दुर्बीण आणि कॅमेऱ्यासाठी पाणी न शिरणारी पिशवी. पाऊस बारमाही. अंधार सहाच्या सुमारास होतो, तेव्हा लांबची वाट सकाळीच धरा. वाटाड्या ठरवताना झाडं बघायची आहेत हे स्पष्ट सांगा, नाहीतर तो तुम्हाला माकडांमागे पळवेल. आणि बी असो वा पान, काहीही उचलून आणायचं नाही.

वेळ किंवा पैसे कमी असतील तर सांदाकानजवळच्या सेपिलोकला वनखात्याचं रेनफॉरेस्ट डिस्कव्हरी सेंटर आहे. उंचावरचा पूल आहे, झाडांना पाट्या आहेत. डानुमला जाणार असाल तरी आधी तिथे अर्धा दिवस काढा. पुढे जंगलात पाट्या नसतात.