आमची वाटचाल : रॅम्पवरच्या धुलाईपासून पीपीएफपर्यंत (रंगावर लावायची पारदर्शक संरक्षक फिल्म)

नागपुरात गाडीच्या रंगाचं सगळ्यात जास्त नुकसान कोरडं फडकं करतं. रोज सकाळी गाडीवर फडकं मारलं की गाडी स्वच्छ दिसते खरी, पण ती धूळ क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, घासली गेलेली असते. आणि इथली धूळ नुसती माती नाही. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या राखेत सिलिका आणि ॲल्युमिनाचे कडक कण असतात. शहरभर सिमेंटचे रस्ते आणि सतत चालू असलेली बांधकामं, त्यात हिंगणा-बुटीबोरीकडचे ट्रक. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात काळ्या गाडीच्या बॉनेटवर जे गोल-गोल ओरखड्यांचं जाळं दिसतं, ते बहुतेक वेळा याच फडक्याचं काम असतं.

आमचं दुकान सुरू झालं ते साधं वॉशिंग सेंटर म्हणून. पुढे जी मशीन आणि जी केमिकल घेतली, ती इथली धूळ, बोअरचं पाणी आणि मे महिन्याचं ऊन बघून घेतली. त्यामुळे आमची वाटचाल सांगायची म्हणजे कोणती वस्तू का आली आणि ती कशी वापरतो, हेच सांगावं लागेल.

रॅम्पवरच्या दोन गोष्टी आम्ही आधी काढून टाकल्या : खालून डिझेल फवारणं आणि वरून एकाच बादलीत गाडी आटोपणं. डिझेलनं चेसिस दोन दिवस काळीभोर दिसते, पण रबरी बुश फुगतात आणि त्या तेलकट थरावर धूळ पक्की बसते. खालच्या बाजूला नुसतं प्रेशरचं पाणी पुरतं. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण रंगावर नको. त्यानं वॅक्स निघून जातं आणि रबर कोरडं पडतं. पीएच न्यूट्रल शाम्पू घ्यावा, १० लिटर पाण्याला साधारण २० ते ३० मिली.

धुण्याचा आमचा क्रम असा आहे. आधी चाकं, त्यांची बादली आणि ब्रश वेगळे. मग पंख्यासारखा फवारा देणारं नोझल किमान फूटभर लांब धरून सगळी सुटी धूळ पाण्यानं उतरवायची. त्यानंतर फोम : एक लिटरच्या बाटलीत १०० मिली फोम शाम्पू, बाकी पाणी. हिवाळ्यात फोम चार-पाच मिनिटं बसू देतो. मे महिन्यात तापलेल्या बॉनेटवर तो मिनिटभरात वाळतो आणि स्वतःच डाग सोडतो, म्हणून आधी गाडी सावलीत थंड होऊ द्यायची. बॉनेटवर तळहात टेकवून ठेवता येत नसेल तर कोणतंही केमिकल लावायचं नाही. हा नियम दुकानात सगळ्यांना लागू. फोम उतरवला की दोन बादल्या. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, दोन्हींच्या तळाशी जाळी. मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा) साध्या पाण्यात खंगाळूनच परत शाम्पूत बुडवायचा. वरून खाली यायचं, आणि दरवाज्यांचा खालचा अर्धा भाग व बंपर सगळ्यात शेवटी, वेगळ्या मिटनं.

मायक्रोफायबर कापडांना फॅब्रिक कंडिशनर कधीच लावू नये. त्याचा थर तंतूंवर बसतो आणि कापड पाणी शोषायचं थांबतं. सुती कपड्यांबरोबरही ती धुऊ नयेत, सुताची लव त्यात अडकते. जमिनीवर पडलेलं कापड आमच्याकडे त्या क्षणी चाकांच्या ढिगात जातं, कितीही महाग असलं तरी.

पाण्यावर आम्ही सगळ्यात जास्त डोकं लावलं आणि पैसाही. मनपाचं पाणी पेंच आणि कन्हानचं, पण वॉशिंगला मिळतं ते बोअरचं, नाहीतर उन्हाळ्यात टँकरचं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. गाडीवर राहिलेला थेंब उन्हात उडून जातो, क्षार तिथेच राहतो. सॉफ्टनर बसवला की हा प्रश्न सुटतो, असा बऱ्याच जणांचा समज असतो. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम देतो. टीडीएस मीटरचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, आकडा जवळपास तोच राहतो. डाग पडतातच, फक्त सहज पुसले जातात. आकडा खाली आणायचं काम आरओ करतो. आम्ही दोन्ही ठेवले आहेत : धुवायला सॉफ्ट पाणी, कारण त्यात शाम्पूचा फेस चांगला होतो आणि मिट घसरतो, शेवटच्या पाण्याला आरओ, मध्यम आकाराच्या गाडीला १५ ते २० लिटर, प्रेशर न लावता पाइपनं वरून सोडायचं. म्हणजे पाण्याचा पडदा खाली उतरतो आणि पुसायला कमी उरतं. आरओच्या पाण्याचा टीडीएस ५० च्या वर जायला लागला की मेम्ब्रेन तपासतो. आरओतून बाहेर टाकलेलं पाणी मूळ पाण्यापेक्षाही जड असतं. ते फरशी आणि चाकांच्या आतल्या कमानी धुवायला वापरतो, रंगावर नाही.

पडलेले डाग काढायचे तर आधी ते वर बसलेत की आत उतरलेत, हे बघावं लागतं. ताजा क्षार पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून, ओलं कापड एक-दोन मिनिटं ठेवलं की विरघळतो. नंतर भरपूर पाणी. त्यानंतरही टॉर्चखाली गोल कडा दिसत असेल तर क्लिअर कोटला खड्डा पडलेला आहे. तिथे आम्ल वाढवून काही होत नाही, पॉलिशच करावं लागतं. काचेवरच्या जुन्या डागांना सिरियम ऑक्साइड आणि फेल्ट पॅड लागतो. त्याला वेळ लागतो, आणि काच तापू नये म्हणून ती सारखी ओली ठेवावी लागते.

सिमेंटचे शिंतोडेही याच जातीचे. नखानं खरवडू नयेत. व्हिनेगर किंवा सौम्य सिमेंट रिमूव्हरनं भिजवून मऊ करावेत, फक्त ते ॲलॉय व्हीलच्या उघड्या ॲल्युमिनियमवर सांडू देऊ नये. पक्ष्याची विष्ठा मात्र तेवढा वेळ देत नाही. ४५ अंशांच्या दुपारी क्लिअर कोट मऊ होऊन फुगतो, संध्याकाळी आकसताना वाळलेल्या विष्ठेचा साचा उचलतो. कडुनिंबाखाली गाडी लावणाऱ्यांनी पाण्याची बाटली आणि एक मायक्रोफायबर डिकीत ठेवावं. ओलं कापड पाच मिनिटं ठेवायचं, मग उचलायचं. पुसायचं नाही.

पांढऱ्या गाड्यांवर बारीक नारिंगी ठिपके दिसले की मालकाला पत्रा गंजला असं वाटतं. बहुतेक वेळा ते ब्रेकच्या किंवा रेल्वेच्या लोखंडाचे कण असतात, रंगावर रुतून गंजलेले. आयर्न रिमूव्हर मारला की ते जांभळे होऊन ओघळतात. तीन-चार मिनिटांत धुवायचं, वाळू द्यायचं नाही, आणि वासाची तयारी ठेवायची. उरलेला खरखरीतपणा क्ले बारनं (रुतलेली घाण ओढून घेणारी चिकणमातीसारखी वडी) जातो, भरपूर वंगण देऊन. क्ले खाली पडला तर तो तुकडा फेकायचा. काळ्या गाडीवर क्लेनं हलके ओरखडे उठतात, म्हणून पुढे पॉलिश होणार असेल तरच तिथे क्ले.

पॉलिशच्या कामात आमच्याकडे मशीनच्या आधी मोजमाप आलं. आपल्याकडे याला सर्रास ‘रबिंग’ म्हणतात आणि दर सर्व्हिसला करून टाकतात. कंपनीचा रंग साधारण ९० ते १४० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो, त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५०. जोरदार कंपाउंडिंग, म्हणजे खरखरीत पॉलिशनं घासणं, त्यातले दोन-चार मायक्रॉन नेतं. ऊन अडवणारे घटक याच थरात असतात. तो पातळ झाला की नागपूरच्या उन्हात छप्पर आणि बॉनेटवर पापुद्रे सुटायला लागतात. मग पेंटरशिवाय इलाज नाही. म्हणून रंगाची जाडी मोजणाऱ्या गेजनं प्रत्येक पॅनलच्या पाच जागा मोजतो. २०० च्या वर आकडा म्हणजे पॅनल पुन्हा रंगवलेलं, ५०० च्या पुढे खाली पुट्टी. ८० च्या खाली असेल तर कंपाउंड लावत नाही, ग्राहक कितीही आग्रह करो. प्लास्टिकच्या बंपरवर हा गेज चालत नाही. तिथे हात आवरता घेणं एवढंच हाती असतं.

रोटरीवर (पॅड नुसता गोल फिरवणारं मशीन) लोकरी पॅड लावला तर काम झपाट्यानं होतं, पण उन्हात फिरती चमक दिसते आणि कडांवर रंग जळतो. आम्ही ड्युअल ॲक्शनवर आलो, ज्यात पॅड फिरतोही आणि झुलतोही : १५ मिमी फेकीचं (पॅड झुलण्याचा पल्ला) रुपेसचं मशीन रोजच्या कामाला, २१ मिमीचं एसयूव्हीच्या मोठ्या सपाट पॅनलला, खांब आणि आरशांना तीन इंची पॅड. बॅकिंग प्लेटवर (पॅड बसतो ती चकती) मार्करनं एक रेघ ओढून ठेवावी. ती रेघ फिरताना दिसली नाही तर पॅड नुसता थरथरतोय, घासत नाही. दाब कमी करावा किंवा मशीन पॅनलला समांतर धरावं. एका वेळी ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन, पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, एक-दोन वेगावर पसरवायचं, चार-पाचवर उभे-आडवे चार ते सहा फेरे. हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटरच्या वर सरकू नये.

कंपाउंड निवडताना इथलं हवामान आडवं येतं. लवकर सुकणारी कंपाउंड एप्रिल-मेमध्ये पीठ होऊन उडतात. मेंझर्ना कंपनीचं ४०० नंबरचं कंपाउंड जास्त वेळ ओलं राहतं, आम्हाला तेच सोयीचं पडलं. त्यातले कण काम करता करता बारीक होत जातात, त्यामुळे फेरे अर्धवट सोडू नयेत. फिनिशिंगला मेग्वायर्सचं एम२०५ पॉलिश. त्याचे कण तुटत नाहीत, म्हणून दाब कमी करत नेला की झालं. प्रत्येक पॅनलनंतर पॅड ब्रशनं साफ करायचा. शेवटी आरओ पाण्यात १५ ते २० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून पुसायचं आणि मगच टॉर्च मारून बघायचं. पॉलिशच्या तेलाखाली ओरखडे लपतात. बऱ्याच ठिकाणची ‘आरशासारखी चमक’ तीन धुण्यांत उतरते, ती याच तेलामुळे.

सिरॅमिक कोटिंगची (रंगावर लावून वाळू द्यायचा पातळ संरक्षक थर) मागणी वाढली तशी ‘९एच’ची जाहिरातही वाढली. हा आकडा पेन्सिलच्या कडकपणाच्या चाचणीचा आहे, दगडांच्या कडकपणाचा नव्हे. वाळूचा कण कोटिंगलाही ओरखडतो. कोटिंगचा खरा फायदा एवढाच की घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं आणि केमिकलचा मारा थोडा सहन होतो. जड पाण्याचे थेंब मात्र त्यावर मोत्यासारखे उभे राहून वाळतात आणि डाग आणखी उठून दिसतात. गाडी सोसायटीत बोअरच्या पाण्यानं धुतली जाणार असेल तर हे ग्राहकाला आधीच सांगतो. काही जण ऐकून वॅक्सवर समाधान मानतात. चालतं.

लावताना तापमान सांभाळणं हेच मुख्य काम. २५ अंशांवर थर इंद्रधनुषी दिसायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, ४० अंशांवर २० ते ३० सेकंदांत तो धरतो आणि न पुसलेल्या जागी गडद चट्टा राहतो. तो काही मिनिटांत दिसला तर ताजं कोटिंग वर लावून लगेच पुसलं की निघतो, दुसऱ्या दिवशी पॉलिशच करावं लागतं. म्हणून ही खोली बंद आणि एसीची. कूलर तिथे चालत नाही, आणि कूलरशिवाय उन्हाळा न काढणाऱ्या गावात हे समजावायला वेळ लागतो. कूलरच्या हवेत बोअरच्या पाण्याचे तुषार आणि वाळ्याच्या काड्यांचा भुगा असतो. दमटपणानं कोटिंगही लवकर धरतं. काम ४० बाय ४० सेंटिमीटरच्या तुकड्यांत, दोन माणसांनी : एक लावणार, एक पुसणार. २४ तास पाणी नाही, आठवडाभर शाम्पू नाही.

आतल्या सफाईत आमचा कायमचा पाहुणा म्हणजे तर्री-पोह्यातली तर्री. तेल, तिखट आणि हळद, तिन्ही सीटच्या कापडात एकदम. चोळायचं नाही. टिश्यू दाबून तेल टिपायचं, मग लिटरभर कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या द्रवाचे काही थेंब घालून ओल्या कापडानं टिपत राहायचं, शेवटी एक्स्ट्रॅक्टरनं (पाणी आणि मळ शोषणारं मशीन) ओढून घ्यायचं. अल्कलाइन क्लीनर मारला तर हळद लाल होते आणि पोरं घाबरतात. स्वच्छ पाण्यानं ती परत पिवळी होते. उरलेला पिवळेपणा उन्हात उडतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवून गाडी दोन दुपार उन्हात लावायची. ऊन उपयोगी पडतं असं आमच्या धंद्यात हे एवढंच काम.

डॅशबोर्डला सिलिकॉनचं चमकदार शायनर आम्ही लावत नाही. काचेत प्रतिबिंब पडतं आणि धूळ चिकटते. पिवळे हेडलॅम्प ८००, १५००, २०००, ३००० नंबरच्या पॉलिश पेपरनं अशा क्रमानं पाणी घालून घासतो आणि वर यूव्ही क्लिअर (ऊन अडवणारा पारदर्शक थर) मारतो. टूथपेस्टनं घासलेला दिवा आठवडाभर छान दिसतो, पण यूव्हीचा थर गेलेला असल्यानं पुन्हा पिवळा पडतो.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, तसं पीपीएफचं विचारणं वाढलं. त्या वेगात बॉनेटची पुढची कड, बंपर आणि आरसे खडे आणि किडे झेलतात. किड्यांसाठी फिल्मची गरज नाही. मुक्कामाला पोचल्यावर ओलं मायक्रोफायबर दहा मिनिटं ठेवलं की ते सुटतात. खड्यांसाठी मात्र फिल्मच. पूर्ण गाडीऐवजी तेवढाच पुढचा भाग करा, असं आम्ही सुचवतो. बिल लहान होतं, पण फिल्म लागते तिथेच लागते. फिल्म टीपीयूची (लवचीक प्लास्टिक) घ्यावी, १५० ते २०० मायक्रॉनची. पीव्हीसी स्वस्त असते, पण उन्हात पिवळी आणि ताठ होते, आणि काढताना तुकडे पडतात. फिल्म सरकवण्याच्या पाण्यात लिटरला बेबी शाम्पूचे काही थेंब. पाणी आरओचंच, नाहीतर क्षाराचे ठिपके फिल्मखाली कायमचे कोंडले जातात. कडा चिकटवताना पाण्यात थोडं आयसोप्रोपिल घालावं आणि फिल्म पॅनलच्या कडेपर्यंत ताणून नेऊ नये. ताणलेली कड पहिल्या उन्हाळ्यातच उचलते.

फिल्म लावल्यावर दोन दिवस गाडी धुवायची नाही. आठवड्यानं ती परत बोलावतो आणि कडा बघतो. आत राहिलेले पाण्याचे लहान फुगे तोवर बहुतेक सुकलेले असतात, त्यांना घरी सुई लावू नका. दाबल्यावर जो फुगा हलत नाही, तो धुळीच्या कणावर बसलेला असतो. तो सुकून जात नाही, आणि तेवढा तुकडा आम्हीच बदलून देतो.