अर्धी टाकी नितळ, अर्धी गढूळ

नदीला पहिलं मोठं पाणी आलं की जलशुद्धीकरण केंद्रात सगळ्यांचं लक्ष तुरटीच्या डोसकडे. कृष्णाकाठच्या एका 5 एमएलडी (दिवसाला 50 लाख लिटर) केंद्रातही तेच चाललं होतं. कच्चं पाणी 650 एनटीयू (गढूळपणाचं एकक), रात्रपाळीने डोस लिटरला 60 वरून 80 मिलिग्रॅमवर नेलेला, फरक काही नाही. आम्ही ट्यूब सेटलरवर, म्हणजे तिरप्या नळ्यांतून गाळ खाली बसवणाऱ्या टाकीवर, चढलो तर उजवी बाजू नितळ. डावीकडे मात्र नळ्यांतून फ्लॉकचे (तुरटीने जमलेल्या गाळाच्या पुंजक्यांचे) ढग वर येत होते.

दोन्ही बाजूंना पाणी एकाच फ्लॉक्युलेटरमधून, म्हणजे हळू ढवळून फ्लॉक बनवणाऱ्या टाकीतून, येतं. डोस चुकला असता तर दोन्ही बाजू गढूळ दिसल्या असत्या. तरी वेगवेगळे डोस जारमध्ये ढवळून पाहायची जार टेस्ट लावली: मिनिटाला 100 फेऱ्यांवर एक मिनिट, मग 30 फेऱ्यांवर 15 मिनिटं, नंतर अर्धा तास स्थिर. लिटरला 55 मिलिग्रॅमच्या जारमध्ये वरचं पाणी 4 एनटीयू. तुरटीचा प्रश्न तिथेच मिटला.

मग आवक थांबवली. पाणी स्थिरावलं की त्याच्याइतकी खरी लेव्हल दुसरी नाही. उजव्या लाँडरच्या (नितळ पाणी गोळा करणाऱ्या पन्हळीच्या) व्ही-नॉचची, म्हणजे व्ही आकाराच्या खाचांची, खालची टोकं पाण्याच्या 10 मिलिमीटर वर राहिली, डावी पाण्याला टेकलेली. ब्रॅकेटचे बोल्ट गंजून डावं लाँडर खचलं होतं. एक सेंटिमीटर क्षुल्लक वाटतो, पण 90 अंशी नॉचमधला प्रवाह उंचीच्या अडीचाव्या घाताने वाढतो. उजवीकडे 35 मिलिमीटर पाणी चढत असेल तर डावीकडे 45, म्हणजे प्रवाह जवळपास 1.9 पट! तासाला 208 घनमीटरपैकी सुमारे 136 एकट्या डाव्या बाजूने. तिथे चौरस मीटरमागे तासाला 7.7 घनमीटर, उजवीकडे 4.1, डिझाइन 6 चं.

दुसरं दुखणं तळाशी. गाळाचा व्हॉल्व्ह दिवसातून एकदाच उघडायची पद्धत होती. थोड्याच वेळात स्वच्छ पाणी दिसायचं आणि हॉपर (तळाचा गाळ साठायचा भाग) रिकामा झाला असं समजून व्हॉल्व्ह बंद व्हायचा. प्रत्यक्षात पाण्याने गाळात मधोमध भोक पाडलेलं, कडेचा गाळ तसाच. पारदर्शक नळी खाली सोडून पाहिलं तर डावीकडचा थर नळ्यांच्या खाली जेमतेम वीतभर.

टाकी एकदम उपसायची नाही, हे तिथल्या लोकांना बजावून सांगावं लागलं. पाण्याचा आधार गेला की ओल्या गाळाचं सगळं वजन नळ्यांच्या पीव्हीसी मॉड्यूलवर (गठ्ठ्यांवर) येतं आणि आधारपट्ट्यांसकट ते खाली बसतात. पातळी हळूहळू उतरवत, वरून कमी दाबाच्या पाइपने नळ्या धूत गेलो. जोराचा झोत 60 अंशात तिरप्या पातळ नळ्यांना चिरतो. ब्रॅकेट बदलले; नॉचच्या प्लेटा लांबट भोकांतून सरकवून स्थिर पाण्याला जुळवल्या. व्हॉल्व्ह आता दर दोन तासांनी, प्रत्येक वेळी मिनिटभरच.

डोस 55 वर आणला. संध्याकाळी दोन्ही लाँडरना 5 ते 6 एनटीयू. डाव्या कोपऱ्यातला एक मॉड्यूल वाकलेला निघाला. तिथून अजून थोडा फ्लॉक सुटतो, तो पावसाळ्यानंतर बदलायचा ठरला.