पहाटे साडेचारची बाई

आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, डिमेन्शिया होऊन आता चौथं वर्ष चालू आहे. रात्री तीनला उठून त्या दाराची कडी काढायला लागतात, शनिवारवाड्याजवळच्या जुन्या वाड्यात जायचंय म्हणतात, वाडा तर कधीच पडला. मग मी त्यांच्याशेजारी बसून मोबाईलवर काहीतरी वाचत राहते, तसंच एका रात्री रोझलिन कार्टरबद्दल वाचलं आणि तेव्हापासून ही बाई डोक्यातून जातच नाहीये.

जिमी कार्टर १९७७ ते १९८१ अमेरिकेचे प्रेसिडेंट होते, त्यांची ही बायको. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं प्लेन्स नावाचं छोटंसं गाव, १३ वर्षांची असताना वडील ल्युकेमियाने गेले, आई लोकांचे कपडे शिवून घर चालवायची आणि थोरली म्हणून ही हाताशी.

नवरा जॉर्जियाच्या गव्हर्नरच्या (तिकडे तो लोकच निवडून देतात) निवडणुकीला उभा होता तेव्हाची गोष्ट. रोझलिन पहाटे साडेचारला एका कापडगिरणीच्या गेटवर प्रचाराला उभी होती, रात्रपाळी संपवून एक बाई बाहेर आली, केसांत कपड्यांवर सगळीकडे कापसाचा भुसा. आता घरी जाऊन झोप मिळेल ना, असं हिने विचारलं तर ती म्हणाली की मुलगी मानसिक आजारी आहे, नवऱ्याच्या पगारात भागत नाही, म्हणून मी रात्री काम करते आणि तेव्हा तो तिच्याजवळ असतो. त्याच दिवशी जिमींची सभा होती, तिथे लोकांच्या रांगेत उभं राहून रोझलिनने स्वतःच्या नवऱ्याला विचारलं, निवडून आलात तर मानसिक रुग्णांसाठी काय करणार?

मला ती गिरणीतली बाई दिसते हो. मुलीबद्दल विचारणारे खूप भेटले असतील, पण तू झोपतेस कधी, हे किती जणांनी विचारलं असेल?

पुढे व्हाइट हाउसमध्ये रोझलिनने तेच काम धरून ठेवलं, १९७९ मध्ये सिनेटच्या कमिटीपुढे जाऊन बोलली, १९८० मध्ये मानसिक आरोग्यसेवेचा कायदा झाला, पण रेगन प्रेसिडेंट म्हणून आले आणि पुढच्याच वर्षी त्यातलं बरंचसं गुंडाळलं गेलं. तरी ही थांबली नाही, १९८७ मध्ये तिने घरच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्यांसाठी संस्था काढली. रुग्णासाठी नाही, सांभाळणाऱ्यांसाठी! आणि २००६ मध्ये ७९ व्या वर्षी नवऱ्याबरोबर आपल्या लोणावळ्याजवळ गरिबांची १०० घरं बांधायच्या कामाला आली होती. तेव्हा मी पुणे-लोणावळा लोकलने ये-जा करायचे, मला पत्ताही नव्हता. (तिच्या सासूबाई लिलियन तर ६८ व्या वर्षी विक्रोळीत येऊन नर्सचं काम करत होत्या, घरच तसलं.)

मे २०२३ मध्ये रोझलिनलाच डिमेन्शिया झाल्याचं घरच्यांनी जाहीर सांगितलं, नोव्हेंबरमध्ये ती गेली, ९६ वर्षांची होती.

ते जाहीर सांगणं मला फार भिडलं. आम्ही सोसायटीत अजून "आईंना वयामुळे जरा विसरायला होतं" एवढंच सांगायचो. गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंना सरळ सांगून टाकलं, डिमेन्शिया आहे, मला झोप मिळत नाही. आता बुधवारी दुपारी दोन तास काकू येऊन बसतात, दोघी मिळून भोंडल्याची गाणी म्हणतात. मी आतल्या खोलीत आडवी होते आणि ऐकते, ऐलमा पैलमामध्ये काकू अडखळतात, आई नाही अडखळत.