वीतभर अंतर, तेराशे किलोमीटरची चाल

लेक इथं जर्मनीत, रोस्टॉकला तिसरीत आहे. तिच्या वर्गात पंधरा दिवसांपासून एका करकोच्याच्या मागोमाग भूगोल चाललाय. करकोचाही याच भागातला. 1822 मध्ये क्ल्युट्झजवळ मारलेल्या या पक्ष्याच्या मानेत आफ्रिकेतला भाला आरपार घुसलेला होता. हिवाळ्यात करकोचे कुठं जातात, याचा पुरावा तो स्वतःच घेऊन आला! पेंढा भरलेला तो करकोचा आजही इथल्या विद्यापीठात आहे.

पोरांनी नकाशावर लोकरीचा धागा थेट भूमध्य समुद्रावरून ताणला. बाईंनी एवढंच विचारलं, "तो असा का जात नाही?" करकोचा जमिनीवरून वर चढणाऱ्या गरम हवेवर तरंगत जातो, समुद्रावर ती मिळत नाही, म्हणून कुणी तुर्कस्तानातल्या बोस्पोरसच्या सामुद्रधुनीकडून, कुणी स्पेनजवळच्या जिब्राल्टरकडून वळसा घेतो. लेकीनं हे मला जेवताना समजावलं. पाठांतर केलेलं नव्हतं, तिला ते कळलं होतं.

रात्री ताईला फोन लावला. ती पांढरकवड्याकडच्या एका खेड्यात झेडपीच्या शाळेवर आहे. म्हणाली, "आपल्याले करकोचा कायले पाहिजे? आपला टिपेश्वरचा वाघ आहे न!"

खरंच की. गळ्यात रेडिओ कॉलर असलेला तो तरुण नर वाघ 2019 च्या जूनमध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघाला. स्वतःचा इलाखा शोधत तेलंगणातलं आदिलाबाद, मग हिंगोली, वाशिम असं करत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर तेराशे किलोमीटर चालणं झालं होतं.

ताईनं व्हरांड्यात खडूनं नकाशा काढला, 1 सेंटीमीटरला 10 किलोमीटर. टिपेश्वर ते ज्ञानगंगा सरळ मोजलं तर जेमतेम एक वीत. मग वाघ जेवढा चालला तेवढी सुतळी कापली: 1 मीटर 30 सेंटीमीटर. आता एवढी सुतळी त्या वीतभर जागेत कशी बसवायची? पोरं वळणं घालू लागली, नाल्याकाठानं, जंगलाच्या तुकड्यांतून, गावं चुकवत. "दिवसा लपला कुठं असंल?" ताईनं विचारलं. पाचवीतला एक जण लगेच म्हणाला, "तुरीत. दिवाळीनंतर तूर बाबाच्या डोक्यावर जाते, मॅडम." हे उत्तर माझ्या लेकीच्या वर्गात कुणालाच सुचलं नसतं.

एक पोरगी मात्र सुतळीला हात लावेना. या तालुक्यानं 2018 पर्यंत वाघिणीची दहशत पाहिली आहे. वावरात गेलेली माणसं परत आली नाहीत. ताईनं तिला बळजबरी केली नाही, भीती झटकूनही टाकली नाही. नकाशावर गावं, वावरं, जागलीची मचाणंही मांडायला लावली. मला हे फार मोलाचं वाटतं. करकोचा इथल्या पोरांचा लाडका आहे. आपल्याकडं त्याच नकाशावर माणसाचा जीवही मांडावा लागतो.

ताईनं संध्याकाळी फोटो पाठवला. सुतळीपासून दोन बोटांवर लाल खडूचा एक ठिपका होता. त्या पोरीनं शेवटी स्वतःचं वावर दाखवलं होतं.