पावसात वाचलेली दोन पुस्तकं

आमच्या बेळगावात पाऊस लागला की आठ-आठ दिवस सुटत नाही, लाईट पण येऊन जाऊन, मग काय चहा करायचा आणि पुस्तक घेऊन बसायचं. यंदा भैरप्पांचं 'पर्व' एकदाचं संपवलं. मूळ कन्नड, १९७९ चं, मी वाचलं उमा कुलकर्णींच्या मराठी अनुवादात. कन्नड बोलायला फाडफाड येतं हो, पण वाचायला बसलं की एकेक अक्षर जुळवत बसावं लागतं, त्यामुळं इतकी जाड कादंबरी आपल्याच राज्याच्या भाषेतून वाचणं काही जमलं नाही, याची थोडी लाज वाटतेच. महाभारतच आहे, पण चमत्कार सगळे काढून टाकलेत, वर नाहीत शाप नाहीत, नुसती थकलेली, म्हातारी होत चाललेली माणसं. कुंतीचा भाग वाचून मी दोन दिवस दुसरं काही वाचलं नाही. मधे मधे लांबण लागते पण, खोटं कशाला बोलू.

मग 'भीमायन' घेतलं. बाबासाहेबांच्या आयुष्यावरचं ग्राफिक नॉव्हेल, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांची, परधान गोंड या आदिवासी चित्रशैलीतली. नेहमीच्या कॉमिकसारख्या चौकटीच नाहीत! मायेनं बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि टोचून बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. माझ्या पुतणीनं फक्त फुगे बघून कोण चांगलं कोण वाईट ते ओळखलं, शब्द वाचलेच नाहीत पोरीनं. पुस्तक अजून तिच्याकडंच आहे.