मामा तलावावरचा तास

‘बाह्य बल नसेल तर एकूण संवेग अक्षय्य राहतो’ हे दहावीत आम्ही पाढ्यासारखं म्हणायचो. (संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग.) पुस्तकात उदाहरण बंदुकीचं, गोळी पुढे तर बंदूक मागे. आता भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातल्या पोरांनी बंदूक कुठून पाहायची? सर म्हणाले, “उद्याचा तास मामा तलावावर.” (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, तलावाला आमच्याकडे मामा तलावच म्हणतात. मला बरीच वर्षं वाटायचं, तो कुणाच्या तरी मामाचा असेल.)

सरांनी एका ढिवर (मासेमार) काकांचा डोंगा, म्हणजे लहान होडी, मागून घेतला आणि आदल्या संध्याकाळी बंडीवर घालून राइस मिलच्या काट्यावर तोलून आणला. भरला १२० किलो. मी ४० किलोचा, हिशेबाला सोपा, म्हणून माझी निवड. वजनामुळे माझी निवड झाल्याची ही पहिली आणि शेवटची वेळ.

“सर, वैनगंगेवर काहून नाही?”

“ती वाहते गा. तिचा रेटा कुठे मोजत बसू?”

डोंग्याच्या टोकासमोर काठावर तुराटी रोवली. मी डोंग्यात ४ मीटर चालायचं होतं. मी पुढे निघालो, डोंगा मागे. माझं आणि डोंग्याचं मिळून वस्तुमान केंद्र, म्हणजे दोघांच्या वजनाचा तोल जिथे साधतो तो बिंदू, जागचं हलायचं नाही, म्हणजे डोंग्यानं ४० × ४ ÷ १६० = १ मीटर मागे जायला हवं, आणि काठावरून पाहणाऱ्याला मी ३ मीटरच पुढे गेलेला दिसायला हवा. टेप लावला तर डोंगा मीटरला चार बोटं कमी. एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण मी उभा राहिल्यावर डोंगा हळूहळू परत तुराटीकडे सरकायला लागला!

सर बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग सरळ म्हणाले, “मला आत्ता सांगता येत नाही. उद्या सांगतो.” तोवर कोणत्याही मास्तरांच्या तोंडून आम्ही हे ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर उत्तर होतं. डोंगा मागे जाताना पाणी त्याला पुढे रेटतं. हे बल बाहेरचं. त्यानं आम्हा दोघांना मिळून थोडा पुढचा संवेग दिला, आणि मी थांबल्यावर तोच डोंग्याला परत घेऊन आला. आपापसातल्या ढकलाढकलीनं सामाईक केंद्राची गती बदलत नाही, हे न्यूटननं १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त लिहिलंय, ते मी पुढे कॉलेजात वाचलं. वाचताना नाकात तलावातल्या चिखलाचा वास आला.

कारण तलावावरच्या त्या दिवशी डोंग्यातून उतरताना मी काठाकडे उडी मारली, डोंगा पायाखालून निसटला आणि मी कमरेएवढ्या गाळात. वहीत आकडे लिहिणाऱ्या सरांनी मान वर केली.

“किती मागे गेला गा?”